पाटी हाती येण्यापूर्वी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बालशिक्षणावर चार शब्द बोलावेत अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. या व्यासपीठावर दरसाल दहावी-बारावीत चमकलेल्या विद्यार्थ्यांचा गौरव होतो, शिष्यवृत्त्या वाटल्या जातात, वसतिगृहाचा जमाखर्च वाचला जातो. तीन-चार वर्षांची मुले या मांडवात असतात ती आईच्या मांडीवर किंवा खुर्च्यांखाली. त्यांच्याविषयी येथे बोलण्याचा प्रसंग यंदा प्रथमच आला, आणि तो कार्यकारिणीपुढे आलेल्या ठरावांमुळे आला. आपल्या कार्यालयाच्या तळमजल्यावरील दोन खोल्या रिकाम्या झाल्या आहेत. तेथे येत्या जूनपासून बालवर्ग काढावा, हा पहिला ठराव. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. दुसरा ठराव असा की, या वर्गात प्रवेश देताना मुलांची चाचणी घ्यावी, वर्षअखेरीस परीक्षा घ्यावी, आणि पहिल्या तीन क्रमांकांचा सत्कार याच व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊन व्हावा. या ठरावास आमचा विरोध आहे. तो मांडणाऱ्या बंधूंचा हेतू शुद्ध आहे, समाजाची मुले पुढे यावीत हीच त्यांची तळमळ आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मतास टाकण्यापूर्वी सभासदांनी आमचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढी विनंती आहे.

चार वर्षांचे मूल शाळेत जाऊन काय शिकते? हा प्रश्न कोणत्याही घरी विचारला तर उत्तर ठरलेले असते. मुळाक्षरे, शंभरापर्यंत अंक, आणि दोन-चार इंग्रजी कविता. पाहुणे आले की त्या बालकास खेळातून उठवून आणले जाते, भिंतीपाशी उभे केले जाते आणि 'म्हणून दाखव' असा हुकूम होतो. ते बिचारे एक पाय दुसऱ्या पायावर घासत दोन ओळी म्हणते, तिसरीपाशी अडते, आई मागून ओठ हलविते, आणि पाहुणे चहाचा कप खाली ठेवून 'वा वा' म्हणतात. शिकण्याचा हा जो दिसणारा भाग आहे तो फार थोडा आहे, आणि खरे सांगावयाचे तर तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. न दिसणारा भाग कोणता, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम हाताविषयी बोलू. मूल जन्मते तेव्हा त्याच्या मनगटात हाड असे नसतेच. असते ती केवळ कूर्चा. प्रौढ माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. ती बाळपणात एकामागून एक घट्ट होत जातात; सातवे हाड दिसू लागेपर्यंत मूल साधारण सहा वर्षांचे होते, आणि आठवे तर त्यानंतरही काही वर्षांनी येते. डॉक्टर मंडळी क्ष-किरणांच्या चित्रावरून मुलाचे वय अजमावतात ते याच आधारावर. आता या अर्ध्या तयार मनगटास आपण बारीक रेघांच्या वहीत पाऊण तास 'अ' गिरवावयास लावतो. मूल पेन्सिल मुठीत धरते, कागद फाटेपर्यंत दाबते, मग बोटे दुखतात म्हणून रडते. आपण म्हणतो, आळशी आहे.

पेन्सिल तीन बोटांत नीट धरता येणे ही गोष्ट बहुतेक मुलांस चार ते सहा या वर्षांच्या दरम्यान साधते, आणि ती पेन्सिलीने साधत नाही. पेन्सिलीच्या आधी केलेल्या शंभर कामांनी साधते. आमच्या आजीच्या पिढीतील मुलगी आईपाशी बसून शेंगा सोलीत असे, तांदळातील खडे वेचीत असे, कणकेचा गोळा तिंबून वेडीवाकडी पोळी लाटीत असे, वाती वळीत असे, उंबऱ्यापाशी ठिपक्यांची रांगोळी काढीत असे. तिला कोणी 'लेखनपूर्व तयारी' शिकवीत नव्हते, तो शब्दही कोणास ठाऊक नव्हता. परंतु तिच्या अंगठ्यास व तर्जनीस जे बळ येत असे आणि डोळा व हात यांची जी गाठ पडत असे, ती गाठ आजच्या बालकास काचेच्या पाटीवर बोट सरकवून पडत नाही. शर्टाचे बटण लावणे, कात्रीने सरळ रेघेवर कागद कापणे, तांब्यातून पेल्यात पाणी न सांडता ओतणे, सुईत नव्हे तरी दोऱ्यात फुले ओवणे, ही सर्व लिहिण्याचीच कामे होत. ज्या बालवर्गात ती होतात तेथे लिहिणे आज ना उद्या येतेच. ज्या वर्गात ती होत नाहीत तेथे वह्या मात्र पुष्कळ भरतात.

येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. शिक्षकी पेशात पाऊल टाकून आम्हांस जेमतेम वर्ष झाले होते. वर्गात एक डावखुरा मुलगा होता. पाच वर्षांचा, चित्रे काढण्यात रमणारा. बैलगाडी काढावी तर त्यानेच. त्या काळच्या समजुतीप्रमाणे, आणि त्याच्या आजोबांच्या सांगण्यावरून, आम्ही त्याचा डावा हात धरून ठेवला आणि उजव्या हाताने लिहावयास लावले. ओरडलो नाही, मारले नाही. केवळ रोज, न चुकता, खडू डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिला. चार महिन्यांत तो उजव्या हाताने अक्षरे काढू लागला. आजोबा खूष झाले, आम्हीही खूष झालो. त्या मुलाने चित्रे काढणे सोडून दिले, हे आमच्या ध्यानात यावयास दिवाळीची सुट्टी जावी लागली. पुन्हा डाव्या हाती खडू दिला तेव्हा त्याने आमच्या तोंडाकडे पाहिले आणि खडू उजव्या हातात घेतला. डावा हात हा दोष नाही, ती मेंदूची ठेवण आहे, ती बदलू जाऊ नये, हे आज सर्वमान्य आहे. आम्ही ते उशिरा शिकलो. आपल्या वर्गात असे एखादे मूल येईल तेव्हा त्याच्या आजोबांस समजावून सांगण्याचे काम आमच्याकडे द्यावे.

आता अंकांकडे वळू. मूल शंभरापर्यंत घडाघडा म्हणते याचे घरोघर मोठे कौतुक असते. परंतु म्हणणे निराळे आणि मोजणे निराळे. त्या मुलापुढे दहा चिंचोके ठेवा आणि मोजावयास सांगा. जीभ दहावर पोचते तेव्हा बोट सातव्या चिंचोक्यावर असते, किंवा एकच चिंचोका दोनदा मोजला जातो. एका चिंचोक्यास एकच अंक, हा मेळ बसणे ही पहिली पायरी. मेळ बसल्यावर विचारा, 'किती झाले?' तर मूल उत्तर देण्याऐवजी पुन्हा एकपासून मोजू लागते. कारण शेवटी उच्चारलेला अंक हा सर्वांचा मिळून आहे, ही कल्पना त्याला अद्याप आलेली नसते. तीही एके दिवशी येते. मग सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरून लांब करा. चार-पाच वर्षांचे मूल निःशंकपणे सांगेल की लांब ओळीत चिंचोके जास्त आहेत. ज्यां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट जगापुढे मांडली. सहा-सात वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांची ही भूल आपोआप सुटते. ती शिकवून सुटत नाही, रागावून तर नाहीच नाही. पेढ्याचे दोन तुकडे करून दिले की 'मला दोन मिळाले' म्हणून धाकटा हसतो आणि थोरला त्यास खुळा म्हणतो, हे दृश्य आपण सर्वांनी घरी पाहिले आहे. धाकटा खुळा नाही, तो चार वर्षांचा आहे, इतकेच.

आपल्या मराठी मुलांपुढे याहून एक निराळी अडचण असते, तिचा विचार फार थोडे पालक करतात. 'पंचेचाळीस' हा शब्द उच्चारताना पाच आधी येतो आणि चाळीस मागून. लिहिताना मात्र चार आधी लिहावयाचा. मूल ऐकते त्याप्रमाणे लिहिते आणि ५४ मांडते. आपण त्यावर तांबडी फुली मारतो. 'एकोणतीस' या शब्दात तर दोनही ऐकू येत नाही आणि नऊही ऐकू येत नाही. ऐकू येतो तो तीस, आणि लिहावयाचे असतात २९! एकोण म्हणजे एक उणे, हे सहा वर्षांच्या जिवास कोणी सांगितलेले नसते. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन सुचविले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला ते आपणांस स्मरत असेल. वृत्तपत्रांत टीका झाली, विधिमंडळातही थट्टा झाली. जुने संख्यावाचन टाकून द्यावे असे आमचे मत नाही. ती भाषेची ठेव आहे आणि बाजारात, शेतावर, आजीच्या तोंडी तीच राहणार. परंतु हसणाऱ्यांपैकी किती जण ५४ लिहिणाऱ्या मुलाशेजारी कधी बसले होते, असा प्रश्न मात्र आमच्या मनात आला. जर्मन मुलांसही हाच त्रास होतो. त्यांच्याही भाषेत पाच आधी आणि चाळीस मागून. उपाय सोपा आहे आणि स्वस्त आहे. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्यात, चार जुड्या डावीकडे आणि पाच सुट्या काड्या उजवीकडे मांडाव्यात, आणि मूल ते हाताने उचलीपर्यंत पेन्सिलीस हात लावू नये.

वाचनाचेही असेच आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे अभ्यासाचा आरंभ म्हणजे 'गमभन' असे म्हणण्याचा प्रघात आहे. वर्णमालेत क पहिला असताना आरंभ ग, म, भ, न यांपासून का, याचे कारण ज्यांनी धुळाक्षरे गिरविली त्यांना ठाऊक होते. ही अक्षरे एकमेकांच्या वळणाची आहेत. एकाचे वळण हातात बसले की दुसरे थोड्या फरकाने येते. म्हणजे आकारांचे साम्य व भेद ओळखणारा डोळा आधी, अक्षर मागून, हे आपल्या जुन्या पंतोजींसही समजत होते. त्यांच्या छडीचे आम्ही समर्थन करीत नाही; परंतु हे एक त्यांना समजत होते, आणि आज चकचकीत पुस्तके छापणाऱ्यांस ते अनेकदा समजत नाही.

डोळ्याच्याही आधी कान. 'कमळ' या शब्दाच्या आरंभी 'क' आहे, हे मुलास ऐकू येते का? आपणांस ते इतके उघड वाटते की प्रश्नच वेडगळ वाटावा. परंतु लहान मुलास कमळ म्हणजे फूल. त्या शब्दाचे तुकडे होतात ही जाणीव त्यास नसते. ती भेंड्या खेळताना येते, टाळ्यांवर शब्द तोडताना येते, आजीच्या ओव्या व उखाणे कानावर पडताना येते. ज्याचा कान तयार झाला नाही त्यास अक्षर म्हणजे केवळ नक्षी. आणि आपली लिपी कितीही शास्त्रशुद्ध असली तरी बालकास चकविणाऱ्या जागा तिच्यात आहेतच. 'पिशवी' म्हणताना 'प' आधी आणि 'इ' नंतर. लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावयाची. 'सूर्य' शब्दातील 'र' उच्चारात 'य'च्या आधी, आणि लिहिण्यात त्या 'य'च्या डोक्यावर. अशा जागी अडखळणारे मूल मंद नसते. ते नीट ऐकत असते, म्हणूनच अडखळते.

उच्चाराविषयी एक शब्द. 'र' हा वर्ण बहुतेक मुलांस उशिरा साधतो; पाच वर्षांचे मूल रामास 'लाम' म्हणते म्हणून त्यास चिडवू नये, आणि परीक्षेत त्याचे गुण तर मुळीच कापू नयेत. तसेच घरच्या बोलीचे. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे गावाकडून आलेली आहेत. घरात जी बोली चालते ती पुस्तकी नाही. बालवर्गात मूल 'मपला डबा' म्हणाले आणि बाई हसल्या, तर ते मूल त्या दिवसापासून बोलणेच कमी करते, असे आम्ही एकदा नव्हे अनेकदा पाहिले आहे. त्याला प्रमाण भाषा अवश्य यावी; परंतु ती त्याच्या बोलीशेजारी यावी, तिच्या जागी नव्हे. आणि ज्या घरी इंग्रजीचे एक वाक्य बोलले जात नाही, त्या घरचे तीन वर्षांचे मूल सर्वस्वी इंग्रजी वर्गात नेऊन बसविले तर त्याचे काय होते? आमच्या नात्यातील एक मुलगी घरी दिवसभर चिवचिव करीत असे. शहरातील एका नामांकित शाळेत तिला घातले. सहा महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही. शाळेने लिहून पाठविले की मुलगी मागासलेली आहे, तपासून घ्यावी. तपासले, मुलगी उत्तम होती. तिला लघवीस जाण्याची परवानगी इंग्रजीत कशी मागावी ते येत नव्हते, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नसे.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. आपली गरज दुसऱ्यास निःसंकोच सांगता येणे, हे बालवर्गात शिकावयाच्या गोष्टींत आम्ही अगदी वर धरतो. त्याच्या जोडीला आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हातातली वस्तू दुसऱ्यास देणे आणि ती परत मिळेल असा विश्वास ठेवणे, आई दाराआड गेली तरी ती दुपारी येणार आहे हे मनाशी धरून ठेवणे, चपला जागेवर ठेवणे, हरल्यावर पुन्हा खेळावयास येणे. यांचा प्रगतिपुस्तकात रकाना नसतो. 'नदी की पर्वत' हा आपला साधा खेळ घ्या. नदी म्हटले की खाली उतरावयाचे, पर्वत म्हटले की वर चढावयाचे, आणि सांगणारा लबाडीने एकच शब्द दोनदा म्हणतो. उडी घेण्यास उचललेला पाय आवरणे, हे चार वर्षांच्या मुलास केवढे कठीण! तो पाय ज्यास आवरता आला, त्यास पुढे वर्गात बोलण्याची उबळ आवरता येते आणि गणित अडले असता वही फेकण्याची उबळही आवरता येते. हा खेळ खेळावयास एक ओटा लागतो. आपल्या कार्यालयास तो आहे.

आम्ही हे सर्व आमच्या पदरचे सांगत नाही. १९०७ साली रोम शहराच्या एका गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले बालगृह उघडले. भावनगरास गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले. आणि आपल्या महाराष्ट्रकन्या ताराबाई मोडक गिजुभाईंच्या कार्यास जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या, तेथे बालवयातच वैधव्य आलेल्या, परंतु जिद्दीने शिकलेल्या अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, हे काम चालले. माँटेसरीबाईंची साधने सुबक होती, पण महाग होती. ताराबाईंनी त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणले. मूल्यवान साधनांवाचून बालशिक्षण होत नाही, हा समज त्यांनी मोडला. आपल्या ठरावास जोडलेल्या अंदाजपत्रकात परदेशी खेळण्यांसाठी जी रक्कम दाखविली आहे, ती वाचताना आम्हांस याचेच स्मरण झाले.

ताराबाईंच्या बोर्डीतील अनुभवाचा आणखी एक भाग आहे, आणि तो सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण तो आपल्या तिसऱ्या ठरावास लागू पडतो. बोर्डीच्या बालवाडीत दलित वस्तीतील मुले येईनात. ताराबाईंनी त्यांची वाट पाहिली नाही, वा त्यांच्या आईबापांस दोषही दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. कोसबाडास आदिवासी मुले गुरे राखावयास जात, तेव्हा शाळा कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांस हेच अंगणवाडी नाव मिळाले, आणि आज ते देशभर गावोगाव लिहिलेले दिसते.

तिसरा ठराव असा आहे की, बालवर्ग केवळ आपल्या समाजाच्या मुलांकरिता असावा. खोल्या आपल्या, देणग्या आपल्या, मग मुलेही आपलीच, हा हिशेब वरवर बिनतोड दिसतो. परंतु कार्यालयाच्या मागील गल्लीत कोण राहते ते आपणांस ठाऊक आहे. भाजीवाल्यांची मुले आहेत, इस्त्रीवाल्याची दोन आहेत, आपल्याच रखवालदाराचे एक आहे. सकाळी नऊ वाजता आपली मुले आत जातील आणि ही मुले गजांतून पाहतील. आपली मुले पहिल्याच दिवशी जे शिकतील ते आम्ही फळ्यावर लिहिलेले नसेल. मुलाची भाषा वाढते ती निरनिराळे आवाज ऐकून. वाटून घेणे येते ते चुलतभावाबरोबर नव्हे, अनोळखी मुलाबरोबर. आणि हेही आठवावे की, आपले वसतिगृह उभे राहिले ते आपल्या वाडवडिलांस या शहरात कोणी खोली देईना म्हणून. त्यांची तसबीर त्याच तळमजल्यावर लागलेली आहे. निदान तृतीयांश जागा गल्लीतील मुलांसाठी ठेवाव्यात, अशी आमची उपसूचना आहे. ती लेखी दिली आहे.

पुन्हा चाचणीकडे येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात असे म्हटले आहे की मेंदूची पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते. हे वाक्य आज प्रत्येक खासगी बालवर्गाच्या जाहिरातीत सापडते, आणि त्याखाली लिहिलेले असते की, म्हणून त्वरा करा. धोरणाचा सांगावा नेमका उलट आहे. तीन ते आठ ही पाच वर्षे, म्हणजे बालवर्गाची तीन आणि पहिली-दुसरीची दोन, यांची त्याने एकच पायाभूत अवस्था मानली आणि तीत खेळास व कृतीस मुख्य स्थान दिले. याचा अर्थ पहिली-दुसरी बालवर्गासारखी व्हावी असा आहे. आपण मात्र बालवर्गच पहिलीसारखा करावयास निघालो. त्याही आधी १९९३ साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या परीक्षा व मुलाखती बंद कराव्यात असे सांगून ठेवले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर सहा वर्षांवरील मुलास शाळेत घेताना त्याची वा त्याच्या आईबापांची कोणतीही चाळणी लावण्यास मनाई केली. जे सहा वर्षांच्या मुलास करू नये ते तीन वर्षांच्या मुलास करावे, हे कोणास सुचावे तरी कसे?

सत्काराविषयी बोलावयाचे तर, पंचवीस मुलांपैकी तिघांस आपण शाल देणार. उरलेली बावीस मुले खाली बसून टाळ्या वाजविणार. त्यांपैकी काही केवळ आठ-दहा महिन्यांनी लहान असतील. चार वर्षांच्या वयात दहा महिने म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा होतो. मार्चमध्ये जन्मलेल्या मुलास आपण हुशार ठरवू आणि डिसेंबरात जन्मलेल्यास सामान्य, आणि दोघांचेही आईबाप ते खरे मानतील. परीक्षेऐवजी बाईंनी प्रत्येक मुलाची एक साधी वही ठेवावी. त्यात दिवसाआड एक ओळ लिहावी: आज बटण स्वतः लावले, आज पाच चिंचोके मोजून 'पाच' म्हणाला, आज प्रथमच दुसऱ्याचा हात धरून घसरगुंडीवर गेली. ही वही आईबापांस दाखवावी, पण दुसऱ्या मुलाच्या वहीशेजारी ठेवून दाखवू नये. आणि या कामासाठी बाई शिकलेली, बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेली नेमावी, तिला पुरते वेतन द्यावे. 'लहान मुलांस तर सांभाळावयाचे' म्हणून ठरावात जी रक्कम लिहिली आहे ती आपल्या आचाऱ्याच्या पगाराहूनही कमी आहे. खेळण्यांची रक्कम तिकडे वळविली तर बराच मेळ बसेल, असे आम्ही कोषाध्यक्षांस दाखवून दिले आहे, आणि ते विचार करू म्हणाले आहेत.

राहता राहिली साधने. ती आपल्या घरांतूनच यावीत अशी आमची इच्छा आहे. जुन्या मऊ साड्या व धोतरे, बाहुल्यांसाठी आणि पडद्यांसाठी. झाकणे घट्ट बसणाऱ्या बरण्या, निरनिराळ्या मापांच्या. मोठ्या भोकांची बटणे. सुताराकडील गुळगुळीत तुकडे. लहान पोळपाट-लाटणी, फुलपात्री, एक जुना तराजू असल्यास फार उत्तम. कोकणाकडील मंडळींनी शिंपले, देशावरच्यांनी ज्वारीची वाळलेली धाटे. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी आठवड्यातून एक सकाळ आजीस पाठवावे. तिने गोष्ट सांगावी, वाती वळाव्यात, मुलांनी शेजारी बसून पाहावे. साहित्य मे महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत कार्यालयात पोचते करावे. तळमजल्यावरील लोखंडी कपाट आम्ही रिकामे करून ठेवले आहे. चिंचोके मात्र यंदाचे आणि धुऊन वाळविलेले द्यावेत, गतवर्षीच्यांस कीड लागते.